फाटकाबाहेरचा कामगार : गिरणगाव, मंदी आणि काम मिळण्याची रीत

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये १९३० च्या दशकापर्यंत कामगारभरतीचे स्वतंत्र खाते नव्हते, छापील अर्ज नव्हते, आणि कोणाला कामावर घ्यायचे व कोणाला काढायचे याचा निर्णय मालक किंवा मॅनेजर क्वचितच घेत. तो घेत असे जॉबर, म्हणजेच मुकादम, जो स्वतः मजुरांतूनच वर आलेला असे, आपल्या खात्यातील यंत्रे चालू राहतील याची जबाबदारी ज्याच्यावर असे आणि त्यासाठी लागणारी माणसे जो आपल्या गावातून, नात्यातून, चाळीतून उभी करीत असे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या पहिल्या कापड कंपनीपासून १९८२ च्या संपापर्यंतच्या सव्वाशे वर्षांत या उद्योगाने तेजी आणि मंदीचे जवळजवळ सर्व प्रकार अनुभवले. त्यामुळे पैशाची चणचण असलेल्या काळात माणसाला काम नेमके कसे मिळते, कोणाच्या हातून मिळते आणि ते मिळेपर्यंतचा खर्च कोण सोसते, या प्रश्नांची तपासणी करायला गिरणगावाइतका भरभक्कम पुरावा महाराष्ट्रात दुसरीकडे सहसा सापडत नाही.

या पुराव्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. ओळखीच्या जोरावर चालणारी भरती मोडून काढण्यासाठी सरकारने, मालकांनी आणि संघटनांनी वेळोवेळी ज्या व्यवस्था उभ्या केल्या, त्यांनी फाटकाबाहेरच्या रांगेला शिस्त लावली, पण रांगेची लांबी त्यांच्या हाती नव्हती. आणि जोवर जागांपेक्षा माणसे अधिक होती तोवर वशिला एका दारातून हाकलला की दुसऱ्या दाराने आत येत राहिला.

रांग मुळात निर्माण का झाली हे समजण्यासाठी गिरण्यांच्या व्यापाराकडे पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जात होते, पुढे जपानी सुताने ती बाजारपेठ हिसकावली, आणि पहिल्या महायुद्धानंतर तर जपानी कापड थेट हिंदुस्थानच्या बाजारातच येऊन भिडले. मागणी वरखाली होत असताना यंत्रे आणि इमारत यांचा खर्च कमी करता येत नाही, कापसाचा भाव गिरणीच्या हाती नसतो, तेव्हा ज्या एकाच खर्चाला कात्री लावता येई तो मजुरीचा होता. म्हणून माल उठत असेल तेव्हा माणसे वाढवायची आणि माल पडून राहिला की कमी करायची, ही सोय मालकांना हवी होती. दुसऱ्या बाजूने कामगारही बारमाही गिरणीत थांबत नसे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर या जिल्ह्यांतून आलेला कामगार शिमग्याला, गणपतीला, लग्नसराईत किंवा पेरणीच्या वेळी गावी जाई, आजारपणातही गावचीच वाट धरी, आणि त्याच्या अनुपस्थितीने पडणारा खाडा भरून काढण्यासाठी रोज काही माणसे हाताशी असणे गिरणीला आवश्यक होते. या हाताशी असलेल्या माणसांना ‘बदली’ म्हणत. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवसापुरते त्याच्या जागी उभे राहायचे आणि त्या दिवसाचीच मजुरी घ्यायची, असे हे काम होते, आणि कित्येकांच्या आयुष्याची अनेक वर्षे याच प्रतीक्षेत गेली.

बदलीचा दिवस भोंग्याच्या आधी सुरू होई. पहाटे अंधारातच डिलाईल रोड, लालबाग, वरळी, परळ, प्रभादेवी येथील चाळींतून माणसे निघत आणि आपापल्या गिरणीच्या फाटकापाशी जमत. कायम कामगार आत शिरत असताना बदल्यांचे घोळके बाजूला उभे राहत, आणि पाळी सुरू होऊन कोणत्या यंत्रावर माणूस आला नाही हे स्पष्ट झाले की जॉबर बाहेर येऊन त्या घोळक्यातून दोन-चार जणांना खूण करी. उरलेले दुसऱ्या गिरणीच्या फाटकाकडे धावत, पण तिथल्या जॉबरने तोंडओळख नसलेल्या माणसाला घेण्याची शक्यता थोडी असल्यामुळे बहुतेक जण एकाच फाटकाला धरून राहत. रोज हजेरी लावणे हीच जॉबरची मर्जी राखण्याची पहिली अट होती. चार दिवस न दिसलेला माणूस पाचव्या दिवशी विसरला जाई. काम शोधणे आणि काम करणे यांच्यातील सीमारेषा इथे पुसट होती, कारण शोधण्याचे श्रमही रोजचे, ठरलेल्या वेळेचे आणि बिनमोबदल्याचे होते.

जॉबरच्या मर्जीला किंमत होती आणि तिला नाव होते ‘दस्तुरी’. कामाला लावल्याबद्दल एकरकमी, मग पगाराच्या दिवशी थोडी थोडी, सणाला भेट, कधी जॉबरच्याच ओळखीच्या दुकानातून उधारीवर माल घेण्याची सक्ती, असे तिचे अनेक प्रकार असत. स्त्रियांची संख्या मोठी असलेल्या वाइंडिंग आणि रीळ खात्यांत, म्हणजे सूत कांड्यांवर चढवण्याच्या व लडी करण्याच्या खात्यांत, हीच सत्ता ‘नायकीण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुकादम स्त्रीकडे असे. जागा कमी आणि माणसे जास्त अशा वेळी दस्तुरीचा दर चढे. शिवाय जुन्या माणसाला काढून नवा घेतला की नव्याने दस्तुरी मिळते, हा हिशेब असल्यामुळे मंदीत कामावरून काढणे हे जॉबरच्या उत्पन्नाचे साधनही ठरू शके.

तरीही जॉबरला निव्वळ खलनायक ठरवणे पुराव्याला धरून होणार नाही. नव्याने मुंबईत उतरलेल्या माणसाला खोलीत जागा, खाणावळीत नाव, वाण्याकडे उधारी आणि पठाणाकडे कर्ज मिळे ते बहुधा जॉबरच्या शब्दावर. त्याची जामीनकी ही त्या कामगाराची एकमेव पत होती. गिरण्या पगार महिन्याने, तोही पुढच्या महिन्यातील काही दिवस उलटल्यावर देत असल्यामुळे कामाला लागल्यापासून पहिला पगार हाती पडेपर्यंत उधारीवाचून जगताच येत नसे. त्यातच जॉबरची सत्ता ही माणसे पुरवण्याच्या क्षमतेवर उभी होती, आणि आपल्या माणसांना वाऱ्यावर सोडणारा जॉबर पुढच्या वेळी माणसे उभी करू शकत नसे. संपाच्या काळात ही अडचण उघड होई, कारण मालकाच्या बाजूने राहावे तर माणसे तुटत आणि माणसांच्या बाजूने राहावे तर जागा जाई. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या भांडवलशाहीच्या उगमावरील १९९४ च्या आपल्या ग्रंथात जॉबरच्या सत्तेच्या या मर्यादा तपशिलाने दाखवल्या आहेत, आणि जॉबर म्हणजे सर्वशक्तिमान ठेकेदार हे सरकारी अहवालांतून रूढ झालेले चित्र त्यांनी बरेच दुरुस्त केले आहे.

ही सत्ता बाजाराच्या स्थितीवर किती अवलंबून होती याचा उलट पुरावा १८९६ च्या प्लेगने दिला. साथीच्या भयाने शहरातील लाखो माणसे गावी पळाली, गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली, आणि महिन्याच्या महिन्याला पगार थकवून ठेवण्याची पद्धत असलेल्या मालकांवर रोजच्या रोज मजुरी मोजण्याची पाळी आली. एका गिरणीचे कामगार दुसरी गिरणी जास्त दर देऊन पळवू लागली. दस्तुरी घेणारा तोच जॉबर त्या काही महिन्यांत माणसांच्या मागे फिरत होता. साथ ओसरून माणसे परतली तसा मूळचा तोल पुन्हा प्रस्थापित झाला.

ओळखीवर चालणाऱ्या भरतीचा एक परिणाम मात्र दस्तुरीपेक्षा खोल होता. गाव, नाते आणि जात यांच्या साखळीतून माणसे येत असल्यामुळे खातीही त्याच साखळीने बांधली गेली, आणि अधिक मजुरीचे विणाई खाते अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना बंद राहिले. याचे जे कारण सांगितले जाई ते यंत्राशी निगडित होते : धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीच्या धाग्याचे टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढण्यासाठी विणकर ते तोंडाने ओढून घेई, एका मागावरचा धोटा पाळी बदलली की दुसऱ्याच्या तोंडी जाई, आणि हा स्पर्श सवर्ण विणकरांना मान्य नव्हता. त्यामुळे दलित कामगार प्रामुख्याने कमी मजुरीच्या रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत, अडकून पडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर स्पष्टपणे मांडला. तोंड न लावता धागा ओवता येईल असा धोटा तयार करणे तंत्राच्या दृष्टीने अशक्य नव्हते, पण त्याची निकड खात्याच्या आत कोणालाच वाटत नव्हती, आणि खात्याच्या बाहेर असलेल्यांना विचारणारे कोणी नव्हते. मंदीत जागा आटल्या की ओळखीचे वर्तुळ आणखी आक्रसते, आणि जो आधीच वर्तुळाबाहेर आहे त्याच्यासाठी मंदी ही वर्षा-दोन वर्षांची आपत्ती राहत नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

पहिल्या महायुद्धानंतरची तेजी १९२२ च्या सुमारास ओसरली. १९२५ साली मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, तिच्याविरुद्ध मोठा संप झाला, आणि सरकारने गिरणीमालावरील अबकारी कर स्थगित केल्यावर कपात मागे घेतली गेली. त्यानंतर मालकांनी दुसरा मार्ग निवडला, ज्याला त्या काळी ‘कार्यक्षमता योजना’ म्हणत : दोन मागांवर एक विणकर असे त्याच्याकडे तीन माग द्यायचे, कताईतही एका माणसाकडे अधिक चात्या द्यायच्या, आणि त्यातून मोकळी होणारी माणसे कमी करायची. दर टिकला तरी जागा घटल्या. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सहा महिने चाललेला, सुमारे दीड लाख कामगारांचा संप याच प्रश्नावर झाला आणि त्यातून गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावट्याची युनियन, उभी राहिली. १९२९ चा संप मात्र फसला, त्यानंतर जागतिक मंदी आली, आणि संपात पुढे असलेल्या माणसाला पुन्हा कामावर घेण्यापूर्वी जॉबर आता चेहऱ्याबरोबर त्याचा पूर्वेतिहासही पाहू लागला. फाटकाबाहेर रांग वाढत असताना आतल्या माणसाने मागणी करणे किती अवघड होते हे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एकामागून एक झालेल्या मजुरीकपातींवरून दिसते.

सुधारणेचा पहिला गंभीर प्रयत्न याच काळातला. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशन ऑन लेबर या आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरकडील भरतीच्या अधिकारावर कठोर टीका केली आणि त्याच्या जागी पगारी लेबर ऑफिसर, म्हणजे कामगार अधिकारी, नेमण्याची शिफारस केली. मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ साली बदली नियंत्रण योजना सुरू केली. तिची रचना साधी होती : दर महिन्याच्या सुरुवातीला गिरणीने ठरावीक संख्येच्या माणसांना बदली कार्डे द्यायची, त्या महिन्यात रिकाम्या होणाऱ्या तात्पुरत्या जागा फक्त कार्डधारकांनाच द्यायच्या, आणि कायम जागा निघाली तर जुन्या कार्डधारकाचा हक्क आधी मानायचा. रोजच्या खुणेच्या जागी कागद आला, जॉबरच्या लहरीच्या जागी ज्येष्ठता आली, हे या योजनेचे खरे यश होते आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कार्ड कोणाला द्यायचे यासाठी पुन्हा माणूस ओळखणारा कोणीतरी लागतच होता, आणि खात्याची खडान्‌खडा माहिती लेबर ऑफिसरपेक्षा जॉबरलाच अधिक होती. शिवाय कार्ड मिळालेला माणूस रोज फाटकावर हजर राहण्यास बांधील होता आणि काम मिळाले नाही तर त्या दिवसाचे काहीच मिळत नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९४९-५० च्या सुमारास मुंबई, अहमदाबाद आणि सोलापूर येथे सरकारी देखरेखीखाली कामगार-नोंदणीची अधिक व्यापक योजना आली. तिचा उद्देश नैमित्तिक मजुरीला नियमित रूप देणे हा होता, आणि तिचे भवितव्यही जवळपास तसेच राहिले.

याच सुमारास शहरातील सुशिक्षितांसाठी दुसरी रांग तयार होत होती. युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४५ साली सुरू झालेली रोजगार विनिमय केंद्रे १९४८ पासून सर्वांना खुली झाली, आणि १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना तसेच मोठ्या खासगी आस्थापनांना आपल्या रिकाम्या जागा केंद्राला कळवणे बंधनकारक झाले. कळवणे बंधनकारक होते, केंद्राने पाठवलेला उमेदवार घेणे मात्र नव्हते. त्यामुळे नाव नोंदवून कार्ड मिळवायचे, ठरल्या मुदतीत त्याचे नूतनीकरण करायचे आणि ‘कॉल’ची वाट पाहायची, हा मॅट्रिक झालेल्या मराठी मुलांचा कित्येक वर्षांचा नेम झाला.

वाट पाहण्याचा खर्च कोण भागवत होते, या प्रश्नाकडे अभ्यासकांनी तुलनेने उशिरा लक्ष दिले. बेकारभत्ता नव्हता, बचत नव्हती, तरी हजारो माणसे महिनोन्‌महिने अर्धवट कामावर शहरात तग धरून राहत होती, कारण त्यांच्या पाठीशी दोन व्यवस्था होत्या. पहिली गावकीची. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत, जिला अनेक ठिकाणी गाळा म्हणत, वीस-पंचवीस माणसे पाळ्यांच्या हिशेबाने झोपत. दिवसपाळीचे लोक उठले की रातपाळीचे आडवे होत, आणि बेकार असलेल्याला भाडे मागण्याची घाई कोणी करीत नसे, कारण आज जो कामावर आहे तोही उद्या त्या जागी येऊ शकतो याची जाणीव सर्वांनाच होती. काम फारच दुर्मीळ झाले की माणूस गावी जाऊन शेतीत राबे आणि निरोप आला की परते. कोकणची अर्थव्यवस्था मनीऑर्डरवर चालते असे म्हटले जाते आणि ते खरेही आहे, पण मंदीच्या महिन्यांत प्रवाह उलटा असे. गावचे तांदूळ आणि कुळीथ शहरातल्या बेकाराला पोसत. कमी मजुरीवर उभ्या असलेल्या या उद्योगाला मिळालेले हे अनुदानच होते, आणि ते कोणत्याही ताळेबंदात नोंदले गेले नाही.

दुसरी व्यवस्था खाणावळवालीची होती. एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळचे जेवण महिन्याच्या हिशेबावर घालणारी बाई बहुधा कामगाराचीच पत्नी किंवा विधवा असे. दहा-पंधरा माणसांच्या भाकऱ्या ती चाळीतल्या एका खोलीत थापत असे आणि पैसे पगारानंतर घेत असे. काम सुटलेल्या खाणेकऱ्याचे ताट तिला लगेच बंद करता येत नसे, कारण मागची बाकी बुडण्याची भीती होती आणि माणुसकीचाही भाग होता; म्हणून ती स्वतः वाण्याकडून उधार घेई आणि सावकाराचे व्याज भरी. गिरणीचा संप लांबला की सर्वांत आधी कर्जात बुडे ती हीच बाई. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून खाणावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले, तोपर्यंत या स्त्रियांच्या पतपुरवठ्याकडे उद्योगाचा भाग म्हणून कोणी पाहिले नव्हते. विरोधाभास असा की याच काळात गिरण्यांच्या आतील स्त्रियांची संख्या सातत्याने घटत होती. वाइंडिंग आणि रीळ खात्यांचे यांत्रिकीकरण झाले, स्त्रियांना रात्रपाळीची मनाई होती, बाळंतपणाच्या रजेचा खर्च मालकांना नको होता, आणि जागा कमी करायच्या वेळी ‘घरात दुसरा कमावता आहे’ हा युक्तिवाद स्त्रीच्याच बाबतीत केला जाई.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या मंदीने या प्रश्नाला उघड राजकीय वळण दिले. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन वर्षे दुष्काळाची, जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झालेले, कारखान्यांतील भरती थंडावलेली आणि विनिमय केंद्रांच्या नोंदवह्या फुगलेल्या, अशा वेळी जून १९६६ मध्येच शिवसेनेची स्थापना झाली. त्याआधी ‘मार्मिक’ साप्ताहिकातून मुंबईतील कंपन्यांच्या अमराठी, विशेषतः दाक्षिणात्य, अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात होत्या, आणि त्या याद्यांची परिणामकारकता समजून घेताना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते : लेखनिक आणि लघुलेखकाच्या जागा ओळखीतूनच भरल्या जातात हे मराठी तरुणाला कोणी नव्याने सांगण्याची गरज नव्हती. त्याच्या वडिलांनी गिरणीत काम तसेच मिळवले होते. आक्षेप वशिल्यावर फारसा नव्हता, तो आपला नसल्यावर होता. पुढे सत्तरच्या दशकात शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समित्यांनी बँका, विमा कंपन्या आणि विमान कंपन्यांत मराठी उमेदवारांसाठी अर्ज भरून घेण्यापासून परीक्षेची तयारी करून घेण्यापर्यंत जे पद्धतशीर काम केले, त्याने अनेक घरांत खरोखर पगार आला हे मान्य करावे लागते. त्याचबरोबर भरतीचे दार आता युनियन आणि पक्ष यांच्या हाती गेले, ही गोष्टही तितकीच खरी.

ओळखीच्या भरतीला वेगळ्या दिशेने उत्तर देण्याचा प्रयत्न माथाडी कामगारांच्या बाबतीत झाला. मुंबईच्या बाजारपेठांतून डोक्यावर-पाठीवर ओझी वाहणारे हे कामगार, ज्यांत सातारा जिल्ह्यातून आलेल्यांचा भरणा मोठा होता, मुकादमाच्या टोळीत काम करीत आणि त्यांना ठरलेला मालक नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्यानुसार कामगार आणि व्यापारी दोघांचीही मंडळाकडे नोंद होते, व्यापारी मजुरी थेट हमालाला न देता मंडळात भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के ‘लेव्ही’ देतो, आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा व औषधोपचार यांची तरतूद होते. एका मालकाकडे कायम नसलेल्या माणसालाही कायम कामगाराची सुरक्षितता देता येते, हे या कायद्याने सिद्ध केले, आणि या लेखकाच्या मते महाराष्ट्राने कामगार कायद्यांत घातलेली ही सर्वांत मौलिक भर आहे. टोळीत नवा माणूस घेताना मात्र भाऊ, पुतण्या, गाववाला हाच क्रम बहुतांशी चालू राहिला.

ग्रामीण भागात शासनाने याहून धाडसी पाऊल टाकले. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर राबवली गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्या प्रौढाला अंगमेहनतीचे काम देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले आणि त्यासाठी १९७५ च्या कायद्याने पगारदारांवर व्यवसाय कर बसला. बांधबंदिस्तीच्या आणि खडी फोडण्याच्या कामावर ओळख लागत नव्हती. शहरातील बेकारासाठी अशी हमी तेव्हा विचारात घेतली गेली नाही, आणि गिरणी कामगाराच्या पगारपत्रकावरून कापला जाणारा व्यवसाय कर त्याच्या गावच्या कामांसाठी जात असताना त्याच्या स्वतःच्या बेकारीसाठी काहीच तजवीज नव्हती.

बेकारीची ती पाळी लवकरच आली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगारवाढ आणि मुंबई औद्योगिक संबंध कायद्यातील प्रातिनिधिक संघटनेची तरतूद, जिच्यामुळे वाटाघाटीचा अधिकार फक्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, या दोन मागण्या सर्वांच्या लक्षात राहिल्या आहेत. बदली कामगारांना कायम करा ही तिसरी मागणी तितकी लक्षात राहिलेली नाही, वास्तविक ती या सबंध इतिहासाशी सर्वांत घट्ट जोडलेली होती. औद्योगिक विवाद कायद्यानुसार वर्षभरात २४० दिवस काम भरलेल्या कामगाराला सलग सेवेचे संरक्षण मिळत असे. साहजिकच २४० दिवस भरू न देण्याकडे मालकांचा कल राहिला, आणि ‘ब्रेक देणे’, म्हणजे मुदत भरत आली की काही दिवस कामावर न घेता पुन्हा नव्याने घेणे, ही युक्ती रूढ झाली. १९३५ चे बदली कार्ड ज्याला पायरी म्हणून दिले गेले होते, त्याच्या मुलासाठी ती पायरी घसरगुंडी झाली होती.

संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. मालकांना जुने साचे आणि जादा माणसे नकोच होती, कापड आधीच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर स्वस्तात विणले जात होते, १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने ताब्यात घेतले तरी रोजगार पूर्वपदावर आला नाही, आणि लाखाच्या घरात कामगार पुन्हा फाटकाच्या आत जाऊ शकले नाहीत. चाळिशी ओलांडलेल्या, एकच काम उत्तम येणाऱ्या या माणसांनी काम कसे शोधले याची उत्तरे नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गोळा केलेल्या गिरणगावच्या मौखिक इतिहासात विखुरलेली आहेत. ज्याचे कसब विणाईचे तो भिवंडीला गेला, पण तिथे बारा तासांची पाळी, नगावर मजुरी आणि हजेरीपटावर नावच नाही. गिरणीत ज्या हक्कांसाठी दोन पिढ्या झगडल्या ते सर्व एका लोकलच्या अंतरावर मागे पडले. कोणी भाजी विकू लागला, कोणी इमारतीच्या फाटकावर पहारेकरी झाला, बरेच जण गावी गेले. घरोघरी कमावती झाली ती बाई : धुणीभांडी, मसाले कुटणे, पापड लाटणे, पाळणाघर. पूर्वी मंदीत गाव पोसत असे, पण शेतीचे तुकडे पडलेले आणि एक पिढी शहरातच वाढलेली असल्यामुळे या वेळी त्या आधाराची ताकद संपत आली होती. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकातील घर हे या टप्प्यावरचे घर आहे, आणि त्यातील मुलांसमोरच्या वाटा किती थोड्या होत्या हे त्या नाटकाइतके स्पष्ट कोणत्याही अहवालात वाचायला मिळत नाही.

गिरण्यांच्या जमिनी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर, आणि विशेषतः २००१ मधील तिच्या दुरुस्तीनंतर, मॉल, कार्यालये आणि निवासी मनोरे यांच्यासाठी खुल्या झाल्या. परळ-महालक्ष्मीच्या या आवारांत आज पुष्कळ रोजगार आहे. त्यातला संगणकासमोरचा रोजगार उमेदवाराच्या पदवीवर आणि कंपनीतल्या कर्मचाऱ्याने केलेल्या शिफारशीवर मिळतो, आणि अशा शिफारशीबद्दल त्या कर्मचाऱ्याला कंपनीच बक्षीस देते, म्हणजे ओळखीची किंमत आता मागणाऱ्याऐवजी देणारा मोजतो, हा बदल नोंद घेण्याजोगा आहे. सफाई, पहारा, वाहने उभी करणे, सामान पोचवणे या कामांवरची माणसे मात्र ठेकेदाराकडून येतात. ठेकेदाराने परवाना घ्यावा आणि मूळ आस्थापनेने त्याच्या कामगारांच्या मजुरीची अंतिम जबाबदारी घ्यावी अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने केली. गणवेशासाठी आगाऊ रक्कम कापणे, पहिला पगार महिना-दीड महिन्याने देणे, अकरा महिन्यांनी नवे कंत्राट करणे आणि सुपरवायझरच्या गावच्या मुलांना आधी घेणे हे प्रकार त्या तरतुदीच्या बाजूने सुखेनैव चालू असतात. सकाळची पाळी भरायच्या वेळी मागच्या दारापाशी गणवेश पिशवीत घेऊन उभी असलेली दोन-चार जादा मुले तिथेही असतात, कारण कोणाचा तरी खाडा पडतोच, आणि त्या दिवसाची हजेरी कोणाला द्यायची हे ठेकेदाराचा सुपरवायझर ठरवतो.